झोपेत आलेला पक्षाघात आणि एमआरआयमधले घड्याळ

उपच्छाया

रात्री साडेदहाला बातम्या पाहून झोपलेला माणूस सकाळी सहाला उठतो, तेव्हा त्याचा उजवा हात उचलत नाही आणि जीभ अडखळते. घरचे म्हणतात, अंगावरून वारे गेले. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, हे केव्हा सुरू झाले, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'ठाऊक नाही' एवढेच असते. अशा वेळी नियम असा आहे की, रुग्ण धडधाकट असल्याचे शेवटचे ज्या क्षणी कुणी पाहिले, तेथून वेळ मोजायची. म्हणजे साडेदहापासून साडेसात तास उलटले, आणि रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत झोपेतच संपली. प्रत्यक्षात ती गुठळी पावणेसहालाही अडकलेली असू शकते. साधारण पाचांतला एक पक्षाघात असा झोपेतून उठताना लक्षात येतो, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही.

मी क्ष-किरणशास्त्र विभागात काम करतो, आणि एमआरआय हे यंत्र या प्रश्नापुरते घड्याळासारखे कसे वापरता येते, ते येथे मांडतो.

रक्तपुरवठा तुटला की चेतापेशीतील सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडतो. बाहेरचे पाणी पेशीत शिरते, पेशी फुगतात, त्यांच्यामधील जागा अरुंद होते आणि पाण्याच्या रेणूंना पूर्वीसारखे मोकळे फिरता येत नाही. एमआरआयच्या डिफ्यूजन प्रकारच्या चित्रात नेमकी ही कोंडी पांढरी दिसते, आणि तीही काही मिनिटांतच. फ्लेअर नावाचे दुसरे चित्र मात्र त्या भागातील एकूण पाणी वाढल्याशिवाय पांढरे होत नाही, आणि त्याला काही तास लागतात. डिफ्यूजनमध्ये डाग ठळक आणि फ्लेअरमध्ये त्याच जागी काही नाही, अशी विसंगती दिसली, तर इजा बहुधा साडेचार तासांच्या आतली आहे, असा अंदाज बांधता येतो.

या कल्पनेचे मूळ १९९० मधल्या एका प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियात मायकेल मोस्ली आणि सहकाऱ्यांनी आठ मांजरांच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या बंद केल्या. डिफ्यूजनच्या चित्रात पाऊण तासातच इजा दिसली, तर नेहमीच्या टी-२ चित्रात (फ्लेअर हे त्याचेच एक रूप) दोन-तीन तासांपर्यंत ती स्पष्ट झाली नाही. दोन चित्रांमधील हा उशीर म्हणजेच आजचे घड्याळ.

त्यावर आधारित वेक-अप चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हॅम्बुर्गचे गोत्स थोमाल्ला तिचे प्रमुख होते. सुरुवातीची वेळ अज्ञात असलेल्या आणि ही विसंगती दाखवणाऱ्या ५०३ रुग्णांपैकी निम्म्यांना अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध आणि निम्म्यांना निष्क्रिय औषध देण्यात आले. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५३.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ४१.८ टक्के होते.

आपल्याकडे हे कितपत आणि कसे वापरावे, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

कृष्णाकाठ

आपण दिलेले उदाहरण वाचून क्षणभर थांबलो, कारण आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी जवळजवळ असेच घडले. वडील रात्री अकराला झोपले. पहाटे चारला ते पाणी प्यायला उठले, आईने 'बरे वाटत नाही का' असे विचारले, तेव्हा 'नुसती तहान लागली' असे म्हणून ते पुन्हा झोपले. साडेसहाला मी त्यांना हाक मारली, तेव्हा त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली होती. सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही एका मोठ्या खासगी रुग्णालयात होतो. सीटी स्कॅन लगेच झाला. तो नॉर्मल आहे, आता निरीक्षणाखाली ठेवू, असे सांगण्यात आले. एमआरआय दुसऱ्या दिवशी दुपारी झाला आणि त्यात मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा डाग होता. वडील आज काठी घेऊन चालतात, पण मनातला शब्द त्यांच्या ओठांवर येत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. सीटी नॉर्मल होता, तर मग दुसऱ्या दिवशी डाग कोठून आला? आणि एमआरआय आदल्या दिवशीच केला असता तर काही बदलले असते का?

उपच्छाया

कृष्णाकाठ, वडिलांना आमचा नमस्कार सांगावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, डाग दुसऱ्या दिवशी आलेला नव्हता, तो सीटीला दिसत नव्हता. सीटीचे खरे बळ रक्तस्राव ओळखण्यात आहे. सांडलेले रक्त त्यात ताबडतोब पांढरे दिसते. गुठळीमुळे झालेला पक्षाघात पहिल्या काही तासांत सीटीमध्ये अनेकदा अदृश्यच असतो. अमेरिकेतील बेथेस्डा येथे ३५६ रुग्णांची सीटी आणि एमआरआय अशा दोन्ही प्रकारे तपासणी करून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अंतिम निदान पक्षाघाताचे ठरलेल्या रुग्णांपैकी एमआरआयने ८३ टक्के आणि सीटीने २६ टक्के ओळखले होते. म्हणून 'सीटी नॉर्मल' या दोन शब्दांचा अर्थ या प्रसंगी 'रक्तस्राव नाही' एवढाच घ्यावा. घरच्यांना मात्र त्यातून 'काही झालेले नाही' असे ऐकू येते, आणि तो दोष सांगणाऱ्याचा आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मेंदूविकारतज्ज्ञांनी लिहिणे अधिक योग्य.

आकडेमोड

मी वैद्यक क्षेत्रातला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. वेक-अपचे निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी नजरेआड करू नयेत.

पहिली, चाचणी ८०० रुग्णांची ठरली होती आणि निधी संपल्यामुळे ५०३ वर थांबली. अर्धवट थांबलेल्या चाचणीत परिणाम फुगून दिसण्याचा धोका असतो. दुसरी, मृत्यूंचे प्रमाण औषधाच्या गटात ४.१ टक्के आणि दुसऱ्या गटात १.२ टक्के होते. हा फरक योगायोगाचा असू शकतो, परंतु तो उलट दिशेचा आहे एवढे तरी म्हणावे लागते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ५०३ रुग्ण घेण्यासाठी १३६२ रुग्ण तपासावे लागले. म्हणजे झोपेतून पक्षाघातासह उठलेल्या प्रत्येकाला या घड्याळाचा उपयोग होतो असे मुळीच नाही.

घड्याळाच्या अचूकतेबद्दलही बोलले पाहिजे. सुरुवातीची वेळ नक्की ठाऊक असलेल्या ५४३ रुग्णांवर ही पद्धत पारखण्यात आली होती आणि तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विसंगती दिसलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्ण खरोखरच साडेचार तासांच्या आतले होते, हे चांगले आहे. पण साडेचार तासांच्या आतल्या सर्व रुग्णांपैकी केवळ ६२ टक्क्यांमध्ये ती विसंगती दिसली. जे घड्याळ दहांतल्या जवळजवळ चार वेळा वेळ उरलेली असताना 'वेळ गेली' असे सांगते, त्याच्या 'हो'वर विश्वास ठेवता येईल, 'नाही'वर नाही.

मेंदूवैद्य

आकडेमोड यांचा आक्षेप रास्त आहे आणि शेवटचे वाक्य तर मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. काही भर घालतो.

वेक-अप एकटी उभी नाही. वेक-अपसह चार चाचण्यांमधील ८४३ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये विश्लेषण झाले. चांगला परिणाम ४७ टक्के विरुद्ध ३९ टक्के असा निघाला, म्हणजे फरक थोडा आटला, पण टिकला. लक्षणे वाढवणारा मेंदूतील रक्तस्राव औषधाच्या गटात ३ टक्के आणि दुसऱ्या गटात १ टक्क्याहून कमी होता, तर मृत्यू ६ टक्के विरुद्ध ३ टक्के. हे औषध फुकट मिळणारे नाही, त्याची किंमत रक्तस्रावाच्या रूपाने मोजावी लागते, हे १९९५ च्या पहिल्या मोठ्या अमेरिकी चाचणीपासून आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तीन तासांच्या आत औषध देऊनही असा रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांना झाला होता आणि निष्क्रिय औषधाच्या गटात ०.६ टक्के रुग्णांना. एमआरआयचे काम हा धोका नाहीसा करण्याचे नसून, तो कोणासाठी पत्करावा हे ठरवण्याचे आहे.

उलट बाजूचा पुरावाही पाहण्यासारखा आहे. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथून चालवलेल्या ट्विस्ट चाचणीत झोपेतून पक्षाघातासह उठलेल्या ५७८ रुग्णांची निवड केवळ साध्या सीटीवर केली आणि त्यांतील निम्म्यांना टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे दुसरे औषध दिले. फायदा सिद्ध झाला नाही. औषधे वेगळी आहेत, म्हणून ही तुलना तंतोतंत नव्हे. तरीही आंधळेपणाने औषध देणे आणि चित्र पाहून देणे यांत फरक आहे, असे मानायला तिने बळ मिळते.

आणखी एक खुलासा. ज्यांची गुठळी नळी घालून बाहेर काढण्याचे ठरलेले होते, असे रुग्ण वेक-अपमध्ये घेतलेलेच नव्हते. मोठी धमनी बंद असलेल्यांचा हिशेब निराळा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

माळरान

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. वरची चर्चा उद्बोधक आहे, पण आमच्याकडे हे यंत्र कोठे आहे, तेही कुणीतरी लिहिले पाहिजे. जवळचा एमआरआय पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि तो रुग्णालयात नसून स्वतंत्र स्कॅन सेंटरमध्ये आहे. सेंटर सकाळी नऊला उघडते. तेथे चित्र काढून, फिल्मची पिशवी घेऊन, नातेवाईक रुग्णाला तिसऱ्याच ठिकाणी घेऊन जातात. मिनिटाला एकोणीस लाख चेतापेशी मरतात असा जो हिशेब २००६ मध्ये मांडला गेला, तो खरा धरला तर या प्रदक्षिणेत किती पेशी गेल्या, याचे गणित आकडेमोड यांनीच करावे.

त्यामुळे माझ्या भागापुरते मी एवढेच सांगतो की, जेथे चित्र आणि औषध एकाच छताखाली आहे, तेथेच जावे, मग ते चित्र सीटीचे का असेना. वाटेत एमआरआय उरकून घेणे म्हणजे वेळेवर उपचार नव्हेत. १०८ ला फोन करतानाही 'पक्षाघात' हा शब्द स्पष्ट उच्चारावा. नुसते 'चक्कर आली' असे सांगितले की सगळेच निवांत होतात. (पारव्याचे रक्त अंगाला चोळण्यात दोन दिवस घालवून आलेले रुग्ण मी अजूनही पाहतो. त्यांच्यापुढे डिफ्यूजन आणि फ्लेअर काय करणार?)

ओसाकावासी

मी जपानमध्ये एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करते. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक एमआरआय यंत्रे असलेल्या देशांत जपानची गणना होते, त्यामुळे येथील अनेक रुग्णालयांत पक्षाघाताच्या रुग्णाला थेट एमआरआयच्या टेबलावर घेतात. 'एमआरआयला वेळ लागतो' हे सरसकट खरे नाही. डिफ्यूजनला मिनिट-दीड मिनिट, फ्लेअरला त्याहून थोडे अधिक, धमन्यांचे चित्र कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन न देताही काढता येते, आणि रक्तस्राव दाखवणारे एक चित्र. नीट बसवलेला क्रम असला तर हे सारे दहा मिनिटांच्या आत आटोपते.

खरा वेळ यंत्राबाहेर जातो. रुग्णाला पेसमेकर आहे का, जुन्या शस्त्रक्रियेची क्लिप आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हे ज्याला सांगता यायला हवे, त्याचीच वाचा गेलेली असते. म्हणून आम्ही नातेवाइकांना दारातच ही यादी विचारतो आणि रुग्ण लिफ्टमध्ये असतानाच कपडे, दागिने, कवळी काढून ठेवतो. आपल्याकडे मंगळसूत्र, जोडवी, कमरेचा करदोटा आणि त्यातली चांदीची पेटी यांत पाच मिनिटे सहज जातील.

जपानचा अनुभव एका बाबतीत सावधही करतो. येथे अल्टेप्लेज किलोमागे ०.६ मिलिग्रॅम या कमी मात्रेत देतात, इतर अनेक देशांत ०.९ देतात. वेक-अपसारखीच येथील थॉज चाचणी या कमी मात्रेने झाली, वेक-अपचे निष्कर्ष आल्यावर १३१ रुग्णांवर थांबली आणि तिच्यात दोन्ही गटांचे परिणाम जवळजवळ सारखेच निघाले. घड्याळ तेच होते, औषधाची मात्रा निराळी होती.

मेंदूवैद्य

आता मोठ्या धमनीबद्दल. येथे प्रश्न 'किती वाजले' हा नसून 'किती शिल्लक आहे' हा आहे. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. पुरवठा २० च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात, पण लगेच मरत नाहीत. १० च्या आसपास आला की मरतात. मेलेला भाग हा गाभा, आणि त्याच्याभोवतीचा मुका पण जिवंत भाग ही उपच्छाया. ग्रहणातला हा शब्द मेंदूसाठी १९८१ पासून रूढ झाला आणि या धाग्याच्या लेखकांनी तो टोपणनाव म्हणून घेतलेला दिसतो. डिफ्यूजनवरून गाभा कळतो, परफ्यूजन या चित्रावरून रक्त कमी पोहोचणारा एकूण भाग कळतो, आणि दोहोंतील फरक म्हणजे वाचवता येण्याजोगा मेंदू.

ही कल्पना सरळ मान्य झाली असे नाही. २०१३ मध्ये एमआर रेस्क्यू या ११८ रुग्णांच्या चाचणीत चित्रावरून निवडलेल्यांनाही गुठळी काढण्याचा फायदा दिसला नाही, आणि बऱ्याच जणांनी ही कल्पनाच निकालात काढली. माझ्या मते चूक चित्राची नव्हती. गुठळी काढण्याची तेव्हाची साधने कमकुवत होती आणि धमनी नीट उघडतच नव्हती. साधने सुधारल्यावर डॉन चाचणीत ६ ते २४ तासांच्या २०६ रुग्णांपैकी गुठळी काढलेले ४९ टक्के रुग्ण स्वावलंबी झाले, इतरांपैकी १३ टक्के. डिफ्यूज-३ चाचणीत ६ ते १६ तासांच्या १८२ रुग्णांमध्ये हेच प्रमाण ४५ आणि १७ टक्के निघाले. मात्र या दोन्ही चाचण्यांत सीटी परफ्यूजनवर निवडलेले रुग्णही होते. म्हणजे शिल्लक मेंदू मोजण्याची मक्तेदारी एमआरआयकडे नाही, आणि ज्या रुग्णालयात सीटी परफ्यूजन रात्री-अपरात्री मिळते, तेथे एमआरआयची वाट पाहत बसणे मला पटत नाही. वेळ अज्ञात, मोठी धमनी उघडी आणि लक्षणे त्रासदायक, अशा रुग्णासाठी मात्र मी एमआरआयचाच आग्रह धरीन.

आकडेमोड

सीटी चुकतो हे कळले. डिफ्यूजन चुकते का?

उपच्छाया

चुकते. सर्व अभ्यास एकत्र पाहिले तर पक्षाघात असूनही डिफ्यूजन कोरे येण्याचे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि मेंदूच्या मागच्या भागात ते अधिक आढळते. अचानक गरगरणे, दोन-दोन दिसणे, तोल जाणे अशी लक्षणे असताना चित्र कोरे आले म्हणून रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे आहे. उलट, फिट येऊन गेल्यावर किंवा साखर फार उतरल्यावर पक्षाघात नसतानाही डिफ्यूजन पांढरे दिसू शकते. त्यामुळे ग्लुकोमीटरची एक पट्टी सर्व चित्रांच्या आधी.

माळरान

धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि एका ठिकाणी अडखळलो. कृष्णाकाठ, आपण लिहिले आहे की वडील पहाटे चारला उठले आणि आईशी बोलले. तेव्हा त्यांचे बोलणे स्पष्ट होते का? ते स्वतः चालत माठापर्यंत गेले का?

कृष्णाकाठ

हो. आई सांगते की त्यांनी स्वतः तांब्याने पाणी घेतले आणि दिवा बंद करून परत आले. बोलणे नेहमीसारखे होते.

मेंदूवैद्य

माळरान यांनी नेमके बोट ठेवले, आणि हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते. धडधाकट दिसल्याची शेवटची वेळ रात्री अकरा नव्हती, पहाटे चार होती. सात वाजून दहा मिनिटांनी आपण रुग्णालयात पोहोचलात, तेव्हा तीन तास दहा मिनिटे झाली होती. साडेचार तासांची मुदत साडेआठपर्यंत होती. रक्तस्राव नसलेला सीटी हातात होता, आणि वेळेच्या निकषावर तेवढा पुरेसा होता. एमआरआयच्या घड्याळाची तेथे गरजच नव्हती.

मी कागदपत्रे पाहिलेली नाहीत, हे स्पष्ट नमूद करतो. रक्तदाब फार चढलेला असणे, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असणे, अशी औषध न देण्याची अन्य कारणे असू शकतात. केसपेपरवर सुरुवातीची वेळ काय लिहिली आहे, ते एकदा पाहावे.

कृष्णाकाठ

आत्ताच फाईल काढून पाहिली. 'रात्री ११ वाजता झोपले, सकाळी ६.३० वाजता लक्षात आले' असे लिहिले आहे. ते मीच सांगितले होते. मी वरच्या मजल्यावर झोपतो, मला चारचे काही ठाऊक नव्हते. आई तेव्हा अपघात विभागाच्या बाहेर बाकावर वडिलांच्या चपला घेऊन बसली होती. पाणी प्यायला उठल्याची गोष्ट तिने मला तिसऱ्या दिवशी सांगितली, तीही सहज बोलता बोलता.